कंपनीचा नकार म्हणजे निकाल नव्हे

माण तालुक्यात पाऊस कमी, म्हणून म्हसवड परिसरातला माणूस पोटासाठी बाहेर पडतो. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईला सेंटरिंग आणि गवंडीकामाला, कोणी एमआयडीसीत कंत्राटदाराच्या हाताखाली. अपघात तिकडे होतो आणि जखमी माणूस परत येतो आपल्या वस्तीत. मालक सुरुवातीला दवाखान्याचे थोडेफार बिल भरतो. नंतर फोन उचलत नाही. भरपाई मागितली की ‘तो आमचा माणूसच नव्हता’, ‘त्याचीच चूक होती’, ‘विमा कंपनीने दावा नाकारला’ यापैकी एक उत्तर येते आणि घरचे लोक गप्प बसतात.

आम्हाला पहिली गोष्ट हीच सांगायची आहे की मालकाला किंवा विमा कंपनीला हा निकाल देण्याचा अधिकार नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यानुसार कामगार कामावर होता की नाही, इजा किती आणि रक्कम किती, हे ठरवतो नुकसानभरपाई आयुक्त. आयुक्त म्हणजे त्या कामासाठी नेमलेला न्यायिक अधिकारी. कंपनीचे पत्र ही फक्त समोरच्या पक्षाची बाजू असते.

आपल्या भागासाठी यातले सर्वात उपयोगी कलम 21 वे आहे. अपघात पिंपरीत झाला म्हणून पिंपरीला खेटे घालायची गरज नाही. दावा करणारा कामगार किंवा मृताचे वारस जिथे कायम राहतात, तिथल्या आयुक्ताकडे अर्ज करता येतो. म्हणजे म्हसवडच्या माणसाचा अर्ज सातारा जिल्ह्यातच दाखल होऊ शकतो. मुदत अपघातापासून किंवा मृत्यूपासून 2 वर्षे. उशीर झालाच असेल तर योग्य कारण देऊन तो माफ करून घेता येतो.

आता नकाराची कारणे पाहू. ‘तो कंत्राटदाराचा माणूस’ हे सर्वात चालणारे कारण. कलम 12 सांगते की आपल्याच धंद्यातले काम कंत्राटदाराकडून करून घेणाऱ्या मुख्य मालकावरही भरपाईची जबाबदारी येते. त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. ‘रोजंदारीवर होता, तात्पुरता होता’ ही पळवाट 2000 च्या दुरुस्तीने बंद झाली. ‘हेल्मेट घातले नव्हते’, ‘दारू प्यायला होता’ या सबबी मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर चालतच नाहीत. इतर इजांमध्येही कामगाराने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, हे दाखवावे लागते. आणि स्टँप पेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले असेल तर घाबरू नका. कलम 17 प्रमाणे हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम आयुक्ताकडेच जमा करावी लागते. घरी आणून दिलेल्या पाकिटाने मालक सुटत नाही.

‘कामावर नव्हता, रस्त्यात होता’ या नकाराचे काय होते ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या प्रकरणात दिसले. साखर कारखान्याचा एक वॉचमन 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे 3 च्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे 5 किलोमीटरवर अपघातात गेला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. आयुक्ताने 2009 मध्ये 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, अपघात कामाच्या ठिकाणी झालेला नाही म्हणून, तो आदेश रद्द केला. कुटुंब थांबले नाही. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मनोज मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने आयुक्ताचा आदेश पुन्हा कायम केला. अपघाताची वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध सिद्ध होत असेल, तर कामावर जाता-येता झालेला अपघातही कामाच्या ओघातलाच धरावा, असे न्यायालयाने म्हटले. 22 वर्षे लागली, हे मात्र लपवून चालणार नाही. कायद्यात अर्ज 3 महिन्यांत निकाली काढायची अपेक्षा लिहिली आहे.

इजेच्या टक्क्यातही फसवणूक होते. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेल्यास 30 टक्के नुकसान धरले आहे. पण थापी धरता येत नसेल तर गवंड्याचे नुकसान 30 टक्केच कसे? सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये प्रताप नारायण सिंह देव खटल्यात डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचे नुकसान 100 टक्के धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. फरक किती पडतो पाहा. वय 30, मजुरी महिना 15,000 धरली तर 30 टक्क्यांना 5,61,546 रुपये होतात आणि 100 टक्क्यांना 18,71,820. म्हणून डॉक्टरच्या दाखल्यासोबत ‘हा माणूस त्याचे नेहमीचे काम करू शकतो का’ याचे उत्तर लेखी घ्यावे.

सगळ्यात जास्त प्रकरणे मार खातात ती पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर. सोबत आलेला सुपरवायझर ‘घरी पडला’ किंवा ‘गाडीवरून पडला’ असे सांगून मोकळा होतो, आणि पुढे तोच कागद कंपनीचा पुरावा बनतो. त्यामुळे दवाखान्यात पोचणाऱ्या कार्यकर्त्याने आधी केसपेपर वाचावा. हजेरी, गेटपास, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, मोबाईलवर आलेली मजुरी, सोबतच्या दोन कामगारांची नावे, हे पहिल्याच आठवड्यात गोळा करावे. आयुक्ताच्या निकालावर उच्च न्यायालयात 60 दिवसांत अपील होते, पण फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. पुराव्याची कमी तिथे भरून निघत नाही.

वकिलाच्या फीची भीती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार अनुसूचित जातीची व्यक्ती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीतून धर्मांतरित बौद्धांचा 1990 पासून त्यात समावेश आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. मग वस्तीतल्या जखमी गवंड्याचा अर्ज लिहायला कोणीच का नसते?

दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. कामगाराची ईएसआय कपात होत असेल तर दावा या कायद्याखाली नव्हे, ईएसआयकडे करायचा. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, म्हणून अर्जावर कोणता कायदा लिहायचा ते अपघाताच्या तारखेवरून ठरवावे. कामावर जाता-येता होणारा अपघात संहितेत स्पष्ट शब्दांत आला आहे. आपल्या तालुक्यासाठी आयुक्ताचे अधिकार कोणत्या न्यायालयाकडे आहेत, हे साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारता येते. जाताना केसपेपर, आधार, जातीचा दाखला आणि कंपनीचे नकाराचे पत्र सोबत न्यावे.