ओला, सुका आणि लाल ठिपका

मुंबईत घाटकोपर पूर्वेला जोशी लेन नावाची गल्ली आहे. १९९६ च्या सुमारास तिथल्या रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला सुरुवात केली. ओल्याचं खत करायचं, सुका कचरावेचकांना द्यायचा आणि आपली गल्ली आपण राखायची, एवढाच कार्यक्रम होता. महापालिकेला तो इतका पसंत पडला की तिने त्याची योजनाच केली आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ असं भारदस्त नाव दिलं. लोकांच्या तोंडी त्याचं ‘एएलएम’ झालं. साधारण हजार वस्तीचा भाग, नागरिकांची समिती आणि वॉर्ड ऑफिसात दाद लागण्याची सोय. दहाएक वर्षांत अशा समित्यांचा आकडा सातशेच्या घरात गेला.

त्यांतल्या काही अजून नेटाने काम करतात. पुष्कळशा मात्र लेटरहेडवरच उरल्या. याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. समिती म्हणजे बहुधा दोन निवृत्त गृहस्थ आणि एक उत्साही काकू. काकू सुनेच्या बाळंतपणाला परदेशी जातात, एका गृहस्थांचे गुडघे बोलू लागतात आणि दुसऱ्यांचं सेक्रेटरीशी वाजतं. तेवढ्यात पावसाळा येतो, खताच्या खड्ड्यात अळ्या दिसतात, तळमजल्यावरचे रहिवासी लेखी तक्रार देतात आणि खड्डा बुजतो. समिती मग फेरीवाले, पार्किंग आणि झोपड्या यांच्यामागे लागते, कारण त्या तक्रारीला रोज हात घाण करावे लागत नाहीत. नागरी समित्यांवर अभ्यासकांनी जी टीका केली आहे, तिचा रोखही इथेच आहे: गल्ली सुंदर करायची म्हणजे गरिबाला गल्लीबाहेर काढायचं, असा अर्थ अनेक ठिकाणी हळूच शिरला.

मी स्वयंसेवकांना नावं ठेवत नाही. पण कचरा रोज होतो, उत्साह रोज होत नाही. हे गणित कुठे सुटलं आहे का, हे पाहायचं तर पुण्याकडे वळावं लागतं.

पुण्यात गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू झाली. सुरुवात रहिवाशांनी केली नाही, कचरा वेचणाऱ्या बायकांनी केली. यांतल्या अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. बहुतेक दलित समाजातल्या. गावात मजुरी नव्हती आणि शहरात घरकामाच्या दारावर जात आडवी यायची. उरली ती कुंडी. पाठीला पोतं लावून पहाटे निघायचं, कुत्र्यांशी आणि फुटक्या काचांशी झगडत कागद, पत्रा, बाटल्या उपसायच्या, वर चोरीचा आळ आला की पोलिसांना तोंड द्यायचं. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांपर्यंत पोचल्या. पाटी-पेन्सिलीच्या आधी बायकांना हवा होता तो कोरडा माल. कचरा कुंडीत पडण्याआधी, घराच्या दारातच वेगळा मिळाला, तर त्याच मेहनतीत दुप्पट पैसे आणि निम्मी घाण. एवढी साधी मागणी.

त्या सुमारास एका भागात खासगी गाडी दारोदार फिरून कचरा उचलू लागली, तेव्हा बायकांनी तिच्यापुढे ठाण मांडलं. १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ चालवणाऱ्या बाबांना ही कामगार संघटनाच आहे हे पटवावं लागलं नसणार. इतरांना मात्र पटवावं लागलं. मालक नाही, हजेरीपट नाही, मग कामगार कशाच्या? पंचायतीचं उत्तर होतं की पालिकेचं काम आम्ही फुकट करतो, म्हणून आम्ही कामगार. पुढे पालिकेने त्यांच्या ओळखपत्रांवर मान्यतेचा शिक्का दिला. शिक्का असलेलं कार्ड गळ्यात आलं, तसा पोलिसाचा दंडुका थोडा मागे सरला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून २००० साली घनकचऱ्याचे नियम आले आणि दारोदार संकलन पालिकांवर बंधनकारक झालं. कुंड्या हटणार म्हणजे बायकांचं पोट हटणार. त्यावर पंचायतीने तोडगा काढला: दारोदार जायचंच आहे ना, मग आम्हीच जातो. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था तयार झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. घराने महिन्याला थोडं शुल्क द्यायचं, सुका माल विकून येणारे पैसे त्या बाईचे. आज संस्थेच्या सभासद साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणं, शुल्क देणं आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेणं हे सगळं कागदावर आणलं. पुण्यात ते आधीच ढकलगाडीवर चाललं होतं.

सकाळी सातच्या सुमारास कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे दिसेल. दोघी जणी, एक ढकलगाडी, कडेला लटकवलेली पोती. जिन्यावरून बादल्या खाली येतात आणि फरशीवर सगळं पुन्हा एकदा वेगळं होतं, कारण आपण जे ‘वेगळं केलं’ म्हणतो ते बहुतेकदा अर्धंच केलेलं असतं. पुठ्ठा एकीकडे, पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र त्याहून वेगळं, पाण्याच्या बाटल्या एका पोत्यात, कडक प्लास्टिक दुसऱ्यात. दुधाची पिशवी धुऊन वाळवून आली तर भंगारवाला भाव देतो; नासक्या दुधासह आली तर ती ओल्यातही चालत नाही आणि सुक्यातही विकली जात नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला कुणी गिऱ्हाईकच नाही, कारण त्यात प्लास्टिकच्या आणि धातूच्या पातळ थरांची अशी मिठी असते की ती सोडवणं परवडत नाही. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी गाडी जड होते, माल मात्र वाढत नाही. उरलेला ओला कचरा ‘फीडर पॉइंट’वर पालिकेच्या गाडीत चढवला की मग चहा.

शुल्कावरून होणारी घासाघीस हा स्वतंत्र विषय आहे. ज्या सभेत लिफ्टच्या वार्षिक कराराला दोन मिनिटांत मंजुरी मिळते, तिथे घरटी दहा रुपयांच्या वाढीवर पाऊण तास जातो. ‘त्यांना भंगाराचे पैसे मिळतातच की!’ हा मुद्दा दर वेळी नव्याने सापडल्यासारखा मांडला जातो. भंगाराचे भाव कोसळले की ही मंडळी शुल्क वाढवा म्हणत नाहीत, हेही पाहिलं आहे.

आणि ते पुडकं. वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा डायपर उघडंच, किंवा ज्यातून काहीच कळत नाही अशा काळ्या पिशवीत येतं. बाई ती पिशवी उघडते, कारण आत विकण्याजोगं काही असेल. हात बरबटतो, त्याच हाताने पुढचे चार मजले. २०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या बायकांनी वापरलेल्या पॅडची पोती भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवली होती. वस्तू तुमची, तिची विल्हेवाटही तुमची, असा तो निरोप. २०१६ च्या नियमांत, उत्पादकांनी पॅड गुंडाळण्यासाठी पाकीट द्यावं, असं कलम आलं. त्यानंतर पुण्यातून लाल ठिपक्याची मोहीम निघाली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि वर लाल शाईने एक ठळक ठिपका काढा, म्हणजे ती पुडी उघडली जाणार नाही. खर्च शून्य आणि वेळ अर्धं मिनिट. शाश्वत जीवनशैलीवर एवढी व्याख्यानं होतात, पण इतकं सोपं आणि इतकं उपयोगी काम मला दुसरं माहीत नाही. तरी हे करणारी घरं आपल्याच जिन्यात मोजून पाहावीत.

आता खताबद्दल, कारण स्वयंसेवकाचा खरा कस तिथे लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणी निम्म्याहून जास्त आणि नत्र भरपूर. नुसता तोच डब्यात भरला तर हवा कोंडते, आंबूस वास सुटतो आणि खाली काळं पाणी साचतं. त्याला कर्ब लागतो, म्हणजे वाळका पाला. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असं जमलं की काम जिवाणू करतात, आपण फक्त अधूनमधून ढवळायचं. नव्या ढिगाला जुन्या खताची मूठभर भर घालायची, पातळ ताक किंवा शेणकाला शिंपडायचा. आणि त्या अळ्या! राखाडी, जाड, वळवळणाऱ्या. पाहून अंगावर काटा येतो, पण बहुतेकदा त्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा झपाट्याने फस्त करतात आणि पुढे माशी झाल्यावर आपल्या ताटाकडे फिरकतही नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा फोटो आला की प्रकल्प धोक्यात आला असं समजावं.

गंमत अशी की ज्या पाल्यासाठी हा खड्डा तडफडतो, तोच पाला माघ-फाल्गुनात पलीकडच्या रस्त्यावर झाडून पेटवला जातो. पुण्यातल्या ‘ब्राउन लीफ’ या गटाने इथे नेमकं बोट ठेवलं. ज्याच्याकडे पाला जास्त आहे त्याची आणि ज्याला हवा आहे त्याची गाठ घालून द्यायची. पिंपळाच्या नि शिरीषाच्या पानांची पोती स्कूटरवर पुढे ठेवून नेणारी माणसं तेव्हापासून शहरात दिसतात. धूर थांबतो, खड्ड्याचा वासही थांबतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर ‘प्रयोग परिवारा’तून अनेक वर्षांपूर्वी हेच शिकवत होते: पालापाचोळा, थोडी माती आणि ऊन एवढ्यावर गच्चीत भाजी पिकते.

नव्या इमारतींत गांडूळखताचे खड्डे बांधकाम परवानगीसाठी बांधले जातात, हे सर्वज्ञात आहे. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंचय यांतलं एक असलं की पुण्यात मिळकतकरात ५ टक्के सूट आहे, दोन असली की १०. सूट घेणारे पुष्कळ आहेत. खड्ड्यात सध्या मोडक्या सायकली आहेत.

आपल्या फाटकाबाहेर गेलेल्या कचऱ्याचं काय होतं, हे विचारायची पद्धत शहरात नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर पडला. विहिरींना वास येऊ लागला, शिवारात प्लास्टिक उडू लागलं, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आश्वासनं घेतली, पुन्हा अडवल्या. २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यानंतर तीन आठवड्यांहून जास्त काळ गाड्या बंद होत्या. तेवढे दिवस पेठांतून नाकाला रुमाल लावून जावं लागलं आणि ‘गावकऱ्यांनी समजूतदारपणा दाखवावा’ असं सांगणारी पत्रं वर्तमानपत्रांत छापून आली. मुंबईच्या देवनार डेपोची कथा आणखी जुनी आहे, १९२७ पासूनची. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीच्या धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्याच्या त्या डोंगराच्या कडेला राहणाऱ्या बायकांना स्त्री मुक्ती संघटनेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ‘परिसर विकास’ या कार्यक्रमात संघटित केलं, खत आणि बायोगॅसचं शिक्षण दिलं. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर यांची ही संघटना. पथनाट्यापासून थेट कचऱ्यापर्यंतचा तो प्रवास स्त्रीमुक्तीच्या पुस्तकी चर्चेत फारसा येत नाही.

स्वयंसेवा आणि कष्ट यांचा मेळ मला सगळ्यात नीट दिसला तो गणेश विसर्जनाच्या घाटांवर. ‘स्वच्छ’च्या बायका आणि महाविद्यालयीन मुलं नदीकाठी टेबलं मांडून निर्माल्य गोळा करतात. फुलं खताला, फळं वेगळी, थर्माकोल वेगळा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेली युक्तीही शहरात रुळली आहे: पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवली की ती विरघळते, खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं, जे खत म्हणून झाडांना चालतं. घाटावर विद्यार्थ्याचा उत्साह एका संध्याकाळपुरता पुरेसा असतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काम पुढे नेणारं कुणीतरी आहे.

त्या ‘कुणीतरी’चा करार मात्र कायम टांगणीला असतो. मुदत संपते, काही महिन्यांची वाढ मिळते, मध्येच ठेकेदाराला काम देण्याची चर्चा उठते, बायका पालिकेसमोर जमतात. रहिवाशांच्या समित्यांनी वृक्षारोपणाइतकाच जोर या प्रश्नावर लावला, तर तो अधिक कामी येईल, असं माझं स्पष्ट मत आहे. झाड लावताना फोटो निघतो, करारावर सही होताना निघत नाही, एवढीच अडचण.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीने गेल्या वर्षी वेगळीच टूम काढली. कचरा नेणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी द्यायची, शुल्क न कापता, आणि त्या दिवशी रहिवाशांनी पाळीपाळीने बादल्या उतरवून पार्किंगमध्ये कचरा वेगळा करायचा. पहिल्या रविवारी खुद्द सेक्रेटरींची पाळी होती. हातमोजे घालून त्यांनी तिसऱ्या मजल्याची पिशवी उघडली आणि आतून डायपर निघाला, ठिपका नसलेला. लाल ठिपक्याचा ठराव, दंडाच्या रकमेसह, त्याच संध्याकाळी ग्रुपवर आला. सहा महिने तो ‘पुढील सभेत विचारार्थ’ होता.