इस्रायल व्हायब्रेशन : पुनर्वसन, श्रद्धा आणि समूहगान

प्रस्तावना :
जमैकातील रेगे संगीताच्या रास्ताफारी श्रद्धेशी निगडित प्रवाहास ‘रूट्स रेगे’ असे संबोधले जाते. तीन गायकांचा गट हे या प्रवाहाचे एक प्रमुख रूप होय. त्यांपैकी ‘इस्रायल व्हायब्रेशन’ या गटाची कहाणी बहुधा अपंगत्वावर केलेली मात म्हणूनच सांगितली जाते. प्रस्तुत लेखात या गटाच्या जडणघडणीतील बहिष्काराचे स्थान स्पष्ट केले आहे.

पार्श्वभूमी :
सेसिल स्पेन्स (स्केली), अल्बर्ट क्रेग (अ‍ॅपल गेब्रिएल) व लासेल बुल्गिन (विस) या तिघांनाही बालपणी पोलिओ झाला. किंग्स्टनमधील मोना येथील पुनर्वसन केंद्रात त्यांची ओळख झाली. पुढे तिघांनी रास्ताफारी पंथ स्वीकारला व जटा वाढविल्या. तत्कालीन प्रतिष्ठित समाजात हा पंथ तिरस्कृत होता. परिणामी त्यांना केंद्र सोडावे लागले. कुबड्यांच्या आधारे चालणारे हे तरुण काही वर्षे उघड्यावर राहिले आणि गाऊन उदरनिर्वाह करू लागले. म्हणजेच आजाराने त्यांना एकत्र आणले. परंतु त्यांचा गट घडविला तो श्रद्धेने आणि तिच्यापायी वाट्याला आलेल्या बहिष्काराने.

सांगीतिक वाटचाल :
‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इस्रायल’ या रास्ताफारी संघटनेच्या साहाय्याने १९७६ मध्ये त्यांचे पहिले गीत ध्वनिमुद्रित झाले. ‘द सेम साँग’ (१९७८) व ‘अनकॉन्कर्ड पीपल’ (१९८०) या ध्वनिमुद्रिकांनी त्यांना ओळख मिळाली. तिघेही गीते रचीत व आळीपाळीने मुख्य स्वर सांभाळीत. उरलेले दोघे त्यास साथ देत. किंचित कंप पावणारे हे स्वर एकमेकांत पूर्णतः विरघळत नाहीत. प्रत्येकाचा पोत वेगळा ऐकू येतो. तथापि एकाचा स्वर दुसऱ्यावाचून अपुरा वाटतो.

१९८० च्या दशकात तिघे अमेरिकेत गेले व काही काळ विभक्त झाले. ‘स्ट्रेंग्थ ऑफ माय लाइफ’ (१९८८) या ध्वनिमुद्रिकेने ते पुन्हा एकत्र आले. १९९७ मध्ये क्रेग गटाबाहेर पडले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. उर्वरित दोघांनी गटाचे नाव पुढे चालविले.

समारोप :
पुनर्वसन संस्था शरीरास आधार देते. मात्र तो आधार अनेकदा आज्ञाधारकपणाच्या अटीवर मिळतो. ही अट नाकारणाऱ्या तिघांनी परस्परांच्या स्वरांत आपला आधार शोधला. त्यामुळे या गटाकडे केवळ जिद्दीचे उदाहरण म्हणून पाहणे अपुरे ठरते.