हरणांसाठीं पेरा

यंत्रावांचून पेरणी अडते, असें मानणाऱ्यांस आम्ही अमेरिकेंतील एक रीत सांगतों. तेथील पुष्कळ शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणांकरितां रानाकडेला क्लोव्हरचा चारा पेरतात. ट्रॅक्टर नसल्यास कुंपणाच्या जुन्या तारजाळीवर ओंडका बांधून ती जमिनीवरून ओढतात. क्लोव्हरचें बीं अति बारीक. पाव इंचाहून खोल गेल्यास अंकुर सहसा वर येत नाहीं. म्हणून तेथें हें हलकें ओझेंच हितकर. हिवाळ्याअखेर नुसतें हातानें फेंकलेलें बींहि रुजतें. रात्रीं गोठणारी व दिवसां वितळणारी माती तें आपणच पोटांत घेते. ह्या पाहुणचारामागें बहुधा शिकारीचा हेतु असतो, हें खरें. परंतु साधनांची उणीव बीजाचा स्वभाव जाणल्यानें भरून निघते, हेंहि तितकेंच खरें.