वरच्या जागेचा उपयोग

उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीवर धरण झाले, तेव्हा जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. खालची जागा पाण्याला हवी होती, म्हणून वस्तीला उठावे लागले. माणसांच्या बाबतीत असे स्थलांतर क्लेशाचे असते. जुन्या संगणकाच्या स्मृतीत मात्र तोच उपाय निरुपद्रवी आणि फार उपकारक ठरला.

आय.बी.एम.ने १९८१ साली काढलेल्या वैयक्तिक संगणकातील ८०८८ या प्रोसेसरला पत्ते वाहणाऱ्या वीसच वाहिन्या होत्या. त्यामुळे १,०२४ किलोबाईटांपलीकडची स्मृती त्याला गाठता येत नसे. त्यांपैकी ६४० किलोबाईट आज्ञावलींना मिळाले. वरचे ३८४ पडदा, कार्डे इत्यादींसाठी राखून ठेवले गेले. पुढे चार मेगाबाईटांची यंत्रे आली, तरी डॉसच्या बहुतेक आज्ञावली त्या ६४० च्या कुंपणातच राहिल्या.

अशा यंत्रांना नेटवेअरसारख्या जाळ्यात जोडावयाचे तर कार्डाचा ड्रायव्हर, संदेशवहनाची आज्ञावली आणि सर्व्हरशी बोलणारी आज्ञावली स्मृतीत कायम बसवून ठेवावी लागत. त्यांत साठ-सत्तर किलोबाईटही खर्ची पडत. मग हिशेबाची आज्ञावली ‘स्मृती अपुरी’ असे सांगून थांबे. घर मोठे, पण पाहुणे नेमके स्वयंपाकघरात बसलेले, अशी ती स्थिती!

१९९१ च्या एम.एस.-डॉस ५ ने येथे वाट काढली. ‘हिमेम’ या ड्रायव्हरच्या साहाय्याने डॉसचा मोठा भाग १,०२४ किलोबाईटांच्या लगेच वर असलेल्या ६५,५२० बाईटांच्या पट्ट्यात नेता येई. त्यासाठी किमान ८०२८६ प्रोसेसर लागे. ८०३८६ च्या यंत्रांत ‘ईएमएम३८६’ हा ड्रायव्हर राखीव प्रदेशातील रिकाम्या फटींमध्ये स्मृती उपलब्ध करून देई. ‘लोडहाय’ या आज्ञेने नेटवर्कची आज्ञावली तेथे बसे.

मात्र यात दोन सावधगिऱ्या हव्यात. नेटवर्कचे कार्ड त्याच प्रदेशातील काही पत्ते स्वतः वापरत असेल, तर तेवढा तुकडा वगळण्यास ‘ईएमएम३८६’ ला सांगावे लागते. नाहीतर यंत्र अडकून पडते. दुसरे असे की, वर जागा न मिळाल्यास ‘लोडहाय’ तक्रार न करता आज्ञावली खालीच बसवते. म्हणून ‘मेम’ या आज्ञेने कोण कोठे बसले, हे डोळ्यांनी पाहावे. पुष्कळ आज्ञावलींना बसताना नंतरच्यापेक्षा अधिक जागा लागते. म्हणून सामान्यतः मोठी आधी, लहान मागून, हा क्रम हिताचा.

अशा एखाद्या यंत्रातील जुने हिशेब जाळ्याच्या मार्गाने बाहेर काढावयाचे झाल्यास ही माहिती आजही उपयोगी पडते. त्या वेळी नवी स्मृती विकत घेण्यापूर्वी असलेल्या स्मृतीची मांडणी तपासावी. पुष्कळदा उणीव जागेची नसून व्यवस्थेची असते.