पांदण राखणारे हात

वाशीम जिल्ह्यात पडणारं पाणी दोन दिशांना जातं. अजिंठ्याच्या रांगेतल्या या पठारावरचा काही पाऊस पैनगंगा, अडाण, अरुणावती यांच्यातून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो. काटेपूर्णेला मिळालेला पाऊस उत्तरेला पूर्णेत आणि तिथून तापीत जातो. पांदणीवर पडलेला पाऊस मात्र कुठेच जात नाही. तो चाकोरीत साचतो, तिथेच मुरतो आणि महिनाभर गावाची वाट अडवून बसतो.

तीन-चार दिवसांची झड लागली की वावरापर्यंत बैलगाडी पोचत नाही आणि ट्रॅक्टर आसापर्यंत रुततो. खताची पोती डोक्यावरून न्यावी लागतात. हाल खरे होतात ते सप्टेंबरच्या शेवटी. सोयाबीन कापणीला आलेलं असतं, परतीचा पाऊस डोक्यावर असतो आणि मळणीयंत्र किंवा हार्वेस्टर वावरात न्यायला रस्ता नसतो. कापून ढीग लावलेल्या शेंगा पावसात भिजतात, दाणा काळा पडतो, बाजारात भाव पडतो. सोयाबीनवर जगणाऱ्या या जिल्ह्यात पांदण खराब असणं हा घरातल्या वर्षाच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतल्या वावरांना लागून ही सहापदरी काँक्रीटची वाट धावते. तिच्या देखभालीला यंत्रं आणि माणसं नेमलेली आहेत. तिच्या कुंपणापलीकडच्या गाडवाटेला मात्र कुणी नेमलेलं नाही, आणि माझ्या मते पांदणीचं मूळ दुखणं हेच आहे. मुरूम कमी पडतो हे खरं, पण टाकलेला मुरूम राखणारा हात गावात नसतो, हे त्याहून खरं.

कच्चा रस्ता मरतो कसा, ते आधी समजून घ्यायला हवं. इथली भारी काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यातल्या बारीक चिकणमातीचा हा स्वभावच आहे. कोरडी असताना ती दगडासारखी टणक असते, पाणी मुरलं की तिच्यात भार पेलायची ताकद राहत नाही. तिच्यावर मुरूम पसरला आणि पाणी साचू दिलं, तर चाकाच्या दाबाने मुरूम खाली जातो आणि चिखल वर येतो. दोन पावसाळ्यांनंतर मुरूम कुठे गेला म्हणून लोक हळहळतात. तो कुठेही गेलेला नसतो, हातभर खाली गाडला गेलेला असतो.

म्हणून रस्त्याच्या मध्याला उंची लागते. बांधकामाच्या भाषेत तिला कॅम्बर म्हणतात. मुरमाच्या रस्त्याला तो साधारण चार टक्के आणि नुसत्या मातीच्या रस्त्याला पाच टक्क्यांपर्यंत ठेवतात. तीन मीटर रुंदीच्या मातीच्या पांदणीचा विचार केला, तर मध्यापासून कडेपर्यंतच्या दीड मीटरमध्ये साडेसात सेंटीमीटरचा उतार, म्हणजे चार बोटं. पावसाचं पाणी आत मुरण्याआधी नालीत पोचणं या चार बोटांवर अवलंबून असतं. रोलरची दबाई कितीही चांगली झाली, तरी ही चार बोटं नसतील तर सगळं काम वाया जातं.

आणि ही चार बोटं टिकत नाहीत. ट्रॅक्टरची चाकं रोज त्याच दोन रेषांवरून जातात, चाकोरी पडते, मुरूम कडेला लोटला जातो आणि कडेला वरंबा तयार होतो. मग रस्ता मध्ये खोल आणि कडेला उंच होतो, पाणी नालीकडे जाण्याऐवजी रस्त्याच्याच लांबीने वाहू लागतं. वाहणारं पाणी मुरमातला बारीक भाग धुऊन नेतं, मागे गोटे उरतात. हे सगळं व्हायला एक पावसाळा पुरतो. वेळेवर दोन माणसं आणि दोन फावडी असतील, तर ते थांबवायला एक सकाळही पुरते.

मोठ्या रस्त्यांवर अशी माणसं होती. सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकुली आपल्या वाट्याचा रस्ता रोज पायी फिरायचा. नाली उकरणं, मोरीत अडकलेला कचरा काढणं, खड्डा दिसला की तो मोठा होण्याआधी भरणं, साइडपट्टी सारखी करणं, ही त्याची कामं. काम मोठं असेल तर मुकादमाच्या हाताखालची गँग यायची. कुठली मोरी पहिल्या पावसात तुंबते आणि कुठल्या वळणावर पाणी रस्ता ओलांडतं, हे त्याला पाठ असायचं. बांधकाम खात्याच्या रोजंदारी मजुरांना पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर कायम आस्थापनेसारखे लाभ मिळावेत, अशी वाट १९६७च्या कालेलकर निवाड्याने करून दिली. रस्ता राखणं हे वर्षभराचं आणि आयुष्यभराचं काम आहे, हे सरकारी कागदावर मान्य झालेलं ते एक महत्त्वाचं ठिकाण. पुढे देखभाल ठेकेदारांकडे गेली आणि गँगा विरळ होत गेल्या.

गावाच्या रस्त्याला मैलकुली कधी मिळालाच नाही. देशातल्या मुख्य अभियंत्यांची बैठक डिसेंबर १९४३मध्ये विदर्भातच, नागपूरला भरली होती. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही रस्त्यांची उतरंड तिथल्या नागपूर योजनेने पक्की केली. त्या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर ग्रामीण मार्ग आहे, आणि पांदण त्याच्याही खाली. महसूल खात्याच्या गाव नकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायमार्ग एका तुटक रेषेने. बहुतेक पांदणींची एवढीच नोंद आहे.

रस्ते करायला हात नव्हते, असंही कधी झालं नाही. १९७२च्या दुष्काळात आपल्या आधीच्या पिढीने खडी फोडली, मातीची घमेली वाहिली, मैलोन्‌मैल भराव घातले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या विचाराला १९७७मध्ये कायद्याचं रूप मिळालं आणि २६ जानेवारी १९७९पासून तो कायदा लागू झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या कामांत रस्ते भरपूर होते. मस्टर भरलं, भराव झाला, काम पूर्ण म्हणून नोंदलं गेलं आणि मजूर दुसऱ्या कामावर गेले. ज्या बायांनी तो भराव डोक्यावरून वाहिला होता, त्यांना त्याची नाली कशी राखायची हे कुणी शिकवलं नाही, आणि राखण्याची मजुरीही कुणी दिली नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आणली. तिच्यामुळे पुष्कळ गावांत पहिल्यांदा मजबुतीकरण झालं, ही मोठी गोष्ट आहे. पण प्रत्येक नव्या किलोमीटरबरोबर राखणीचं कामही एक किलोमीटरने वाढतं.

ही राखण शिकता येते, आणि वाशीमच्या शेतकऱ्याला तिचा निम्मा भाग आधीच येतो.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मेटलंड गावाजवळ डी. वॉर्ड किंग नावाचा शेतकरी राहायचा. १८९६मध्ये त्याने आपल्या शेतासमोरचा मातीचा रस्ता पाऊस पडून गेल्यावर एका साध्या अवजाराने ओढायला सुरुवात केली. पुढे हे अवजार त्याने लाकडाचा ओंडका उभा चिरून बनवलं. दोन्ही फाकी एकामागे एक बांधायच्या, घोडे जुंपायचे आणि अवजार थोडं तिरकं धरून रस्त्यावरून ओढायचं. तिरकेपणामुळे कडेची माती थोडीथोडी मध्याकडे सरकते, चाकोरी बुजते, मध्याला उंची येते. प्रत्येक पावसानंतर असं केलं की रस्ता घट्ट होत जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याने या अवजारावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिकाच काढली आणि मातीच्या रस्त्यांच्या गावोगाव ते पोचलं. हे अवजार म्हणजे आपल्या वखराचा चुलतभाऊ. वखराची पास जशी वावराचा वरचा थर सारखा करते, तसंच काम ते रस्त्यावर करतं. जुनी रेल्वेपट्टी किंवा लोखंडी अँगल घेऊन गावातला वेल्डर असं ओढपातं ट्रॅक्टरसाठी बनवू शकतो.

किंगच्या पद्धतीतला खरा कस वेळेचा आहे. रस्ता गारा असताना ओढला तर बिघडतो, पुरता वाळल्यावर ओढला तर पातं नुसतं वरून घसरतं. या दोन्हींमधली वेळ गाठायची असते. वखर कधी घालायचा हे ज्याला कळतं, त्याला ही वेळ शिकवावी लागत नाही. ती वापशाची वेळ. काळ्या मातीला मुठीत दाबून वापसा ओळखणारी माणसं या जिल्ह्याच्या प्रत्येक गावात आहेत.

मुरमाची परीक्षाही अशीच हाताने होते. बरडावरचा सगळाच मुरूम रस्त्याला चालत नाही. भिजवून त्याचा गोळा केला आणि तो ढासळला, तर त्यात धरून ठेवणारी माती नाही. असा मुरूम पहिल्या उन्हाळ्यात चाकांखाली उधळतो. तळहातांमध्ये त्याची बारीक लांब वळी न तुटता होत राहिली, तर चिकणमाती जास्त आहे. तो पावसात घसरडा होतो. गोळा टिकेल पण वळी लवकर तुटेल, असा मुरूम शोधायचा. दबाईच्या वेळी मुठीत दाबलेल्या मुरमाचा लाडू व्हावा आणि हात ओला होऊ नये, एवढंच पाणी. पंधरा सेंटीमीटरपेक्षा जाड थर एकदम पसरायचा नाही, कारण रोलरचा दाब तळापर्यंत पोचत नाही आणि वरून पक्का दिसणारा रस्ता आत पोकळ राहतो.

खड्डा भरणं हे सर्वांत जास्त चुकणारं काम. पाणी भरलेल्या खड्ड्यात घमेलंभर मुरूम ओतून पुढे जाणं, हे रस्त्यावर नेहमी दिसतं. पाणी आधी काढायचं, चिखल खरवडून घट्ट थरापर्यंत जायचं, टिकासाने कडा उभ्या कापायच्या. मग ओलसर मुरूम थराथराने भरून प्रत्येक थरावर धुम्मस चालवायचा आणि शेवटचा थर बोटभर उंच ठेवायचा, कारण तो चाकांखाली बसणारच आहे. कॅम्बर तपासायला दीड मीटरची लाकडी पट्टी पुरते. तिच्या एका टोकाला खाली साडेसात सेंटीमीटरचा ठोकळा ठोकायचा, वर गवंड्याची पाणसळ ठेवायची आणि ठोकळ्याचं टोक कडेला धरून पट्टी रस्त्यावर आडवी टेकवायची. बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर.

आता प्रश्न शिकवण्याचा. गावकऱ्यांना चार दिवसांत तांत्रिक काम येईल का, अशी शंका घेणाऱ्यांनी कारंजा तालुक्याकडे पाहावं. २०१७च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत हा तालुका होता. पाणी फाउंडेशनने गावागावातून निवडलेल्या माणसांना, त्यांत बायांनाही, थोड्या दिवसांच्या निवासी शिबिरात पाणलोटाचं काम शिकवलं. दोन काठ्या आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी यांच्या हायड्रोमार्करने समपातळी रेषा आखायला शेतकरी आणि शेतमजूर शिकले, गावात परत जाऊन त्यांनी इतरांना शिकवलं आणि समतल चर खणले. पाणी अडवण्यासाठी जी पातळी काढता येते, तीच पाणी वाहून नेण्यासाठी काढता येते. नालीला किती उतार आहे, फाटा कुठे काढला तर पाणी ओढ्यात जाईल, हे त्याच नळीवर दिसतं. शिकवण्याची रीतही तीच हवी. वर्गात एक दिवस, बाकीचे दिवस गावच्याच पांदणीवर, आणि शिबिर संपताना शंभर मीटरचा तुकडा दुरुस्त झालेला.

शिकलेल्या हातांना पुढे वर्षभर काम मिळालं नाही, तर शिबिर वाया जातं. इथे बांगलादेशचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. केअर संस्थेने १९८३मध्ये तिथे मातीच्या ग्रामीण रस्त्यांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक युनियनमध्ये, म्हणजे काही गावांच्या पंचायतीत, दहा निराधार बायांची तुकडी नेमली. चार वर्षं पक्कं काम, नियमित मजुरी, तीतून सक्तीची बचत आणि सोबत छोट्या व्यवसायाचं प्रशिक्षण. पूर आणि गाळाच्या त्या मुलखात त्यांनी मातीचे रस्ते चालू ठेवले. आपल्याकडे उत्तराखंड, मेघालय आणि हिमाचल प्रदेशात प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या सुमारे ५०० किलोमीटर रस्त्यांची देखभाल महिला बचत गटांकडे देण्याचा प्रयोग झाला. वाशीमच्या गावांत बचत गट आहेत, रोजगार हमीच्या कामावर बायांची संख्या मोठी आहे, आणि मापं घेऊन मस्टर सांभाळणाऱ्या मेटही आहेत. त्यांच्यातूनच प्रत्येक गावात पांदणीच्या राखणीची अशी तुकडी उभी राहू शकते.

पैशाचा हिशेबही बांधणीपेक्षा राखणीच्या बाजूने आहे. २००५च्या रोजगार हमी कायद्याने मजुरी आणि साहित्य यांचं ६०:४० हे प्रमाण घालून दिलं. पांदण बांधताना मुरूम, खडी, रोलर यांमुळे साहित्याचा भाग फुगतो आणि हे प्रमाण सांभाळताना ग्रामपंचायतीची दमछाक होते. राखणीत जवळजवळ सगळा खर्च मजुरीचा आहे. फावडं, टिकास, सब्बल, घमेलं, धुम्मस आणि एक पाणसळ, एवढं साहित्य. या कायद्याखाली उभ्या राहिलेल्या सार्वजनिक कामांची देखभाल हेही त्याच्या परवानगीच्या कामांत होतं. अडचण एकच येते. असं काम थोडं थोडं आणि वर्षभर पसरलेलं असतं, म्हणून एका अंदाजपत्रकात आणि एका मस्टरात ते बसवायला अभियंत्याला आणि रोजगार सेवकाला जास्तीचे कष्ट पडतात. ते कष्ट घ्यायला हवेत.

तुकडीला न सुटणारा एक प्रश्न उरतो, तो धुऱ्याचा. दरवर्षी नांगर एक-एक तास पांदणीत सरकतो, नाली वावरात जाते, आणि रस्त्याचं पाणी माझ्या वावरात का, यावरून शेजारी बोलेनासे होतात. बांधावरून वाट देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ने तहसीलदाराला आहे आणि अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पण तहसीलची तारीख लागेपर्यंत पावसाळा निघून जातो. म्हणून शिबिराच्या पहिल्याच दिवशी तुकडीबरोबर पांदणीलगतच्या सगळ्या धुरेकऱ्यांनी चालावं, फाट्यांच्या जागा नळीवर पाहून सगळ्यांसमोर ठरवाव्यात आणि त्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. कुणाच्या वावरात पाणी जाणार असेल, तर ते शेततळ्याकडे किंवा नाल्याकडे नेण्याचा चर त्याच मस्टरात धरावा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. ही चाल एप्रिलमध्ये झाली, तर मे महिन्यात नाल्या आणि मोऱ्या मोकळ्या करायला तुकडीला पुरेसे दिवस मिळतात.