स्थूल प्रवासी आणि विमानांतील आसन

राजगुरुनगरास, म्हणजे पूर्वींच्या खेडास, होऊं घातलेला विमानतळ पुढें पुरंदराकडे गेला. त्यामुळें येथील मंडळींस विमानासाठीं लोहगांव किंवा मुंबई गांठावी लागते. परंतु स्थूल देहाच्या माणसास वाटेपेक्षां धास्ती असते ती आसनाची. साधारण वर्गांतील आसन बोइंग ७३७ मध्यें सुमारें १७ इंच, तर एअरबस ए-३२० मध्यें सुमारें १८ इंच रुंद असतें. बसणारा संकोचतो, शेजारी कुरकुरतो, आणि दोघेही दोष देतात तो देहाला. आसनाच्या मापाला नव्हे.

कॅनडांत २००८ सालीं वाहतूक-नियामकांनीं ठरविलें कीं, देशांतर्गत प्रवासांत स्थूलतेमुळें अपंगत्व आलेल्या प्रवाशाकडून दुसऱ्या आसनाचें भाडें घेऊं नये. अमेरिकेच्या कायदेमंडळानेंही २०१८ सालीं आसनाचें किमान माप निश्चित करण्याचा आदेश हवाई खात्यास दिला.

प्रवाशानेंही कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पट्टा अपुरा पडल्यास विमानसेविकेकडे जोडपट्टा मागावा; त्यास बहुधा मूल्य पडत नाहीं. अगदीं पुढची रांग टाळावी. तेथें जेवणाचें फळें हातटेकूंतच दडविलेलें असल्यामुळें तो बहुधा वर होत नाहीं.

घरांतील एखादी मावशी “मला नको तें विमान” म्हणते, तेव्हां तिचें भय पुष्कळदां विमानाचें नसून लोकांच्या नजरेचें असतें. मुलांनीं तें ओळखून, तिकीट काढतांनाच आसनाची चौकशी तिच्या वतीनें करावी.