वतन, नेमणूक, निवड

माणसाला एखाद्या पदावर बसवण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. वतन, सनद, नेमणूक, नियुक्ती, नामनियुक्ती, निवड हे शब्द आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. लांज्यात शिकवताना विद्यार्थी मला या शब्दांतला फरक विचारतात, तेव्हा मी त्यांना प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायला सांगतो. पद कोण देतो? कशाच्या आधारावर देतो? आणि ते नाकारता येते का? या तीन प्रश्नांपुढे हे शब्द समानार्थी राहत नाहीत. त्यांच्यात आपल्या समाजाचा इतिहास उघडा पडतो.

वतन हा मूळ अरबी शब्द. तिकडे त्याचा अर्थ मायभूमी. मराठीत त्याला वंशपरंपरागत हक्क आणि चाकरी असा अर्थ आला. पाटील वतनदार, कुलकर्णी वतनदार आणि महारही वतनदार! शब्द एकच, पण एकाला त्यातून मान मिळाला, दुसऱ्याला राबणूक. सरकारी बोजे वाहणे, निरोप पोचवणे, गावची मेलेली जनावरे ओढणे ही कामे ज्याच्या पाळीला आली त्याला ‘राबता महार’ म्हणत. इंग्रजांच्या १८७४ च्या वतन कायद्याने ही रचना कायद्यात बसवली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महारांची कामे निश्चित करावीत, मोबदल्याची हमी द्यावी आणि ज्याला या चाकरीतून सुटायचे आहे त्याला सुटता यावे, असा त्याचा आशय होता. म्हणजे आपला तिसरा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हाच विचारला होता. ते विधेयक पार पडले नाही. वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने, आणि त्या कायद्याच्या नावातही आपली वतने ‘कनिष्ठ’ म्हणूनच नोंदली गेली.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण आमच्याच तालुक्यातले. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव कोट, तालुका लांजा. रघुनाथ हरी नेवाळकर यांना पेशव्यांनी झाशीचे सुभेदार नेमले. सुभेदारी ही नेमणूक होती, धन्याने दिलेला अधिकार. पुढे ती घराण्यात राहिली. १८१७ च्या तहाने इंग्रजांनी तो वंशपरंपरेचा हक्क मान्य केला आणि १८३२ मध्ये ‘राजा’ हा किताबही दिला. खोतीचेही तेच. सारा गोळा करून भरण्याची जबाबदारी घेणारा खोत पुढे गावाचा मालक असल्यासारखा वागू लागला आणि १८८० च्या खोती कायद्याने त्याचे स्थान पक्के केले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुळांनी आणि महारांनी त्याची वेठ सोसली. सार एवढेच की वरच्याची नेमणूक पिढीजात हक्क बनते आणि खालच्याची चाकरी पिढीजात बंधन बनते.

म्हणून नेमणूक किंवा नियुक्ती या रुक्ष कचेरी शब्दांकडे मी आदराने पाहतो. नियुक्तीच्या पोटात ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे हा धातू आहे. जुंपणे वतनातही होते. पण नियुक्तीला अर्ज असतो, पात्रता असते, लेखी आदेश असतो, वेतन असते आणि राजीनाम्याची वाट मोकळी असते. १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी पुरोहितालाही हीच अट घातली होती. त्याने सरकारने ठरवलेली परीक्षा द्यावी, सरकारची सनद घ्यावी, पुरोहितपण वंशाने येऊ नये. आज कोकणातल्या बौद्धवाड्यांत लग्न आणि नामकरण लावणारा बौद्धाचार्य शिबिरात शिकून तयार होतो, जन्माने होत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मध्ये मागासवर्गांसाठी नियुक्त्या आणि पदे राखून ठेवण्याची तरतूद आहे. तिथला शब्द नियुक्ती आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. बोलताना मात्र त्याची ‘सवलत’ होते. मी नोकरीत रुजू झालो तेव्हा माझ्या आदेशावर सही-शिक्का सगळे इतरांसारखेच होते. तरी एका सहकाऱ्याने मला ‘कोट्यातले’ म्हणूनच सर्वांना ओळख करून दिली. सवलत देणाऱ्याच्या मर्जीची असते, नियुक्ती नियमाने होते. हा शब्द आपणही सैल वापरता कामा नये.

नामनियुक्ती आणि निवडणूक यांचेही तसेच. १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. त्या जागेवरूनही ते निर्भयपणे बोलले. वतनाचे विधेयक तिथलेच. तरी सायमन कमिशनपुढे त्यांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी नेमलेले नकोत, निवडलेले हवेत, अशी मागणी केली. कारण नेमलेला प्रतिनिधी नेमणाऱ्याकडे पाहतो. १९३७ मध्ये ते निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडावे लागले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून सरपंचपदही राखीव होऊ लागले. पण गावातली बडी मंडळी आधी बसून नाव ठरवतात आणि ‘बिनविरोध निवड’ जाहीर करतात, तेव्हा ती निवड नसून नामनियुक्तीच असते.

आणखी एक शब्दप्रयोग मला अस्वस्थ करतो : ‘वारसा हक्काने नियुक्ती’. लाड-पागे समितीच्या शिफारशी शासनाने १९७५ मध्ये स्वीकारल्या आणि सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला घेण्याची पद्धत आली. कुटुंब उघड्यावर पडू नये, हा तिचा हेतू खरा. आज ती काढून घ्या असे कोणी म्हणेल तर मी विरोध करीन, कारण पक्क्या नोकरीच्या जागी कंत्राट येईल. पण या शब्दात वारसा आणि नियुक्ती शेजारी बसली आहेत आणि मुलाच्या हाती बापाचा झाडूच येतो. त्या मुलाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे दुसऱ्या पदावर नियुक्ती मिळावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच. कोणताही आदेश, ठराव किंवा जाहिरात हाती आली की तिच्यातले क्रियापद आधी वाचा. नेमले, निवडले, सामावून घेतले की मानधनावर ठेवले? मग ते तीन प्रश्न विचारा. आपल्या संघटनेचा अध्यक्ष ठरवतानाही ते विचारायला विसरू नका.